चोवीस बायका, चार संडास आणि पत्र्याचा हॉल: आमच्या भजनी मंडळाचं शिबिर

आमचं भजनी मंडळ वर्तकनगरच्या सोसायटीतलं. म्हणजे मंडळ खरं सासूबाईंचं (मी त्यांना आईच म्हणते), मी आपली दोन वर्षांपूर्वी मागच्या रांगेत जाऊन बसले आणि मोबाईलवर फॉर्म भरता येतो म्हणून आपोआप सेक्रेटरी झाले. यंदा फेब्रुवारीतच बाईंनी (पेटीवर बसतात आणि आम्हाला शिकवतात त्या, यांच्यापुढे आमच्या आईसुद्धा हळू बोलतात) जाहीर करून टाकलं की आषाढीच्या आधी दोन रात्री सगळ्यांनी बाहेर राहून सराव करायचा. घरी सराव होत नाही हे खरंच होतं, दर दहा मिनिटांनी कोणाला तरी गॅस बंद केला का ते आठवतं, कोणाची नातवंडं शाळेतून येतात, नवीन गौळण तीन महिने झाले तरी दुसऱ्या कडव्याच्या पुढे सरकली नव्हती. जागा शोधायचं काम कोणाकडे आलं ते सांगायला नको.

मला वाटलं ठाण्यात राहतो आपण, येऊरचा डोंगर आहे की डोक्यावर. दोन-चार ठिकाणी फोन केले तर सगळीकडे बंगला, स्विमिंग पूल, डीजे, आणि वीकेंडचा रेट ऐकून मी फोनच ठेवला. शिवाय तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून, इकोसेन्सिटिव्ह झोन, तिथे रात्री टाळ कुटत बसणं बरोबर पण नाही. आई म्हणाल्या, पूलमध्ये पाय सोडून गौळण म्हणायची का आपण? विषय संपला. मग कोणीतरी उत्तनचं रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीचं केंद्र सुचवलं, पण ते पडलं प्रशिक्षणाचं मोठं केंद्र, तिथे लोक कार्यशाळा घ्यायला जातात, आम्हाला प्रोजेक्टर नको होता, आम्हाला सतरंजी हवी होती आणि दोन वेळचं गरम जेवण.

सुटका बाईंच्या भाचीने केली. तिचं कॉलेजचं कॅम्प पनवेलच्या पुढे तारा गावाला युसूफ मेहेरअली सेंटरमध्ये झालं होतं, ती म्हणाली त्या पट्ट्यात आश्रमांच्या, ट्रस्टच्या अशा साध्या जागा असतात, नेटवर सापडणार नाहीत, फोन करून विचारत जा. तीन आठवडे तेच केलं. एकाचा फोन लागत नाही, एकाकडे फक्त शाळांच्या सहली, एकाने विचारलं तुम्ही कोणत्या संप्रदायाचे. शेवटी कर्नाळ्याच्या अलीकडे एका ट्रस्टची जागा मिळाली. नाव देत नाही कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत आणि माणसं चांगली आहेत.

एप्रिलमध्ये मी आणि आई बघायला गेलो. दुपारी दोनचं ऊन. केअरटेकर काकांनी सगळं फिरवून दाखवलं, एक डॉर्मिटरी, त्यात आठ डबल डेकर पलंग म्हणजे सोळा, शेजारी दुसरी खोली, तिथे जमिनीवर बारा गाद्या. "अठ्ठावीस जणांची सोय आहे ताई." मी वहीत २८ लिहिलं. आईंनी वही घेतली आणि म्हणाल्या, वरच्या पलंगावर चढणार कोण ते सांग आधी. आमच्यात पन्नाशीच्या आतल्या पाचच. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या चार, त्यांना खाली गादीवर बसवलं तर उठवायला दोघी लागतात. म्हणजे खालचे आठ पलंग गुडघेवाल्यांना आणि सत्तरीच्या पुढच्यांना, वरचे पाच आम्हा तरुणींना (मी ४६), जमिनीवर अकरा-बारा. कागदावरचे २८ आमच्यासाठी २४-२५ झाले ते तिथेच, उन्हात उभ्या उभ्या. कॉलेजच्या मुलांना २८ ठीक असतील.

मग आई संडास बघायला गेल्या आणि मी बाहेर लाजत उभी. चार होते, त्यात कमोडवाला एक, दाराला कडी होती पण ती बसत नव्हती. न्हाणीघरं तीन, गिझर एकाच ठिकाणी आणि तोही पंधरा लिटरचा. मी हिशोब केला, एकीला दहा मिनिटं धरली तर तीन न्हाणीघरांत २४ जणींना ८० मिनिटं, म्हणजे सातला सरावाला बसायचं तर साडेपाचला आंघोळी सुरू पाहिजेत. काका म्हणाले पाण्याचं टेन्शन घेऊ नका, मागे चुलीवर हंडा तापवतो. हॉलही बघितला, लांबलचक, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, पंखे चार. आवाज घुमत होता, बाईंना आवडेल असं वाटलं. एप्रिलमध्ये पत्र्याकडे बघून फक्त उकडेल एवढंच डोक्यात आलं. शिबिर जूनच्या शेवटच्या आठवड्यात आहे हे दोघींनाही माहीत होतं हं!

बुकिंगचे कागद हा वेगळाच प्रकार. त्यांनी मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र मागितलं. आता आमचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे कशाला नोंदवलेलं असेल, आमच्याकडे आहे काय तर नऊ टाळ, एक पेटी आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवलेला फंड. दोन वेळा फोन झाले, मग मार्ग निघाला, सोसायटीच्या लेटरहेडवर चेअरमनची सही घेऊन पत्र दिलं की या सगळ्या आमच्या इथल्या रहिवासी आहेत आणि भजनाच्या सरावासाठी येत आहेत, आणि बुकिंग माझ्या नावावर. तुमचं मंडळ नोंदलेलं नसेल तर हे पत्र आधीच करून ठेवा, फोनाफोनी वाचेल. प्रत्येकीच्या आधारची झेरॉक्स पण हवी होती. माझी मुलगी म्हणाली सरळ झेरॉक्स देऊ नका, मास्क्ड आधार डाऊनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते चाललं त्यांना. फक्त २७ जणींचे ओटीपी गोळा करता करता माझा एक अख्खा रविवार गेला, कोणाचा नंबर मुलाचा, मुलगा पुण्यात, तो मीटिंगमध्ये.

रेट होता दिवसाला माणशी ७०० रुपये, चहा-नाश्ता आणि दोन जेवणं धरून, हॉलचे दिवसाला १५०० वेगळे, डिपॉझिट ५०००. आणि एक अट, जी मी वाचली पण मनावर घेतली नाही: किमान २५ जणांचं बिल होणार. नावं २७ आली होती त्यामुळे मी निर्धास्त. सगळ्यांकडून १८०० घेतले. आठ दिवस आधी एकीची सून बाळंत झाली, एकीला ताप, एकीला नवऱ्याने म्हणे पाठवलं नाही (हे ऐकून आई जे बोलल्या ते इथे लिहीत नाही). राहिलो २४. त्या तिघींना पैसे परत द्यायचे की नाही यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली, शेवटी निम्मे दिले. बिल मात्र २५ चंच. मग त्या पंचविसाव्या ताटाचं काय करायचं तर आमचा पखवाजवाला मुलगा कामोठ्याचा, तो रोज बाईकवरून येऊन जाऊन करणार होता, त्याची जेवणं त्यात बसवली. काकांनी पण काही म्हटलं नाही.

ग्रुपवर मी एक पोल पण टाकला होता, घोरणाऱ्यांची खोली वेगळी करूया म्हणून. "मी घोरत नाही" ला २२ मतं पडली.

जायला दोन तुकड्या केल्या. पेटी, पखवाज, टाळांची पिशवी आणि गुडघेवाल्या टेम्पो ट्रॅव्हलरने, येऊनजाऊन ६५०० पडले. बाकीच्या ठाणे-पनवेल लोकलने, आणि पनवेल डेपोतून पेणकडे जाणाऱ्या एसटीने. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर त्याआधीपासून फुकट, त्यामुळे आमच्या ७७ वर्षांच्या काकूंनी टेम्पोत बसायला साफ नकार दिला, सरकार नेतंय तर टेम्पो कशाला. कंडक्टरने आधार बघितलं आणि शून्याचं तिकीट दिलं ते त्यांनी अजून पर्समध्ये ठेवलंय.

शुक्रवारी साडेचारला चहा घेऊन हॉलमध्ये बसलो. बाईंनी पेटी उघडली, रूपाचा अभंग (विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन असतं तो) लावला, दोन चरण झाले असतील आणि पाऊस आला. पत्र्यावर पाऊस म्हणजे काय ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. आधी टपटप, मग एकदम कोणीतरी खडीचा डंपर ओतल्यासारखा. बाईंची बोटं पट्ट्यांवर चालताना दिसत होती आणि सूर शून्य. मागच्या रांगेला पुढची रांग ऐकू येईना, पखवाज एकीकडे आणि टाळ तिसरीकडे, शेवटी आम्ही सगळ्या एकमेकींची तोंडं बघून गात होतो. बाईंनी भाता मिटला. माझ्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

काका म्हणाले पाऊस थांबेल तासाभरात. कर्नाळ्याचा पाऊस जूनअखेरीस तासाभरात थांबतो होय! पूर्ण वेळात मिळून चार-पाच तास उघडीप मिळाली असेल. त्या अख्ख्या आवारात स्लॅब असलेली मोठी जागा एकच, जेवणाचा हॉल. स्वयंपाकघराला लागून, मध्ये ताटं सरकवायची खिडकी. स्वयंपाकाच्या मावशी जवळच्याच गावातल्या, आधी त्या नाराज होत्या, टेबलं हलवायची नाहीत, साडेअकराला जागा रिकामी पाहिजे, भाजी चिरायला आम्ही तिथंच बसतो. मग बाईंनीच तोड काढली, तुमची भाजी आम्ही चिरतो. शनिवारी सकाळी २४ बायका दोन रांगांत बसून दुधी सोलतायत आणि पुढे पेटी. एकदा मंडळाला कामाला लावलं की गप्पा बंद होतात हे बाईंनी त्या दिवशी शोधून काढलं असावं, कारण हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, गौळणीचं दुसरं कडवं पाऊण तासात बसलं. तिसऱ्याला मागच्या रांगेतला झेल (पुढच्यांची ओळ मागच्यांनी उचलायची तो) मात्र सारखा उशिरा पडत होता. इतक्यात खिडकीतून मावशींचा आवाज, "तं परत म्हना, तुमी लवकर सोरताय." आम्ही हसलो. बाई नाही हसल्या, त्यांनी परत म्हणायला लावलं आणि खरंच आमचा शेवटचा स्वर पुरा धरला जात नव्हता, म्हणून पुढची उडी चुकत होती. मावशींच्या गावात हरिनाम सप्ताह होतो, त्यांना हे सगळं कानाने ठाऊक. त्या नादात भात लागला, सगळ्यांनी गुपचूप खाल्ला.

रात्री दहाला दिवे बंद, हा तिथला नियम. लाऊडस्पीकर दहानंतर नको हे सगळीकडेच आहे पण आमच्याकडे माईक नव्हताच, तरी काका टॉर्च घेऊन आले. घोरण्याबद्दल एवढंच सांगते की त्या २२ मतांपैकी निदान सात खोटी होती. मी वरच्या पलंगावर, छतापासून दीड हात, पंख्याचा वारा खालीच राहिलेला. वरचे तीन पलंग रिकामे होते तिथे पिशव्या ठेवल्या आणि ते फार बरं झालं, कारण जमिनीवरच्या खोलीत रात्री भिंतीला ओल सुटली आणि कडेच्या दोन गाद्या ओढून मध्ये आणाव्या लागल्या.

आंघोळींचं वेळापत्रक मी हजेरीच्या कागदामागे लिहून दाराला चिकटवलं होतं. सव्वापाचला उठून बघते तर ७७ वर्षांच्या काकू न्हाऊन, वेणी घालून, चुलीपाशी हंड्याजवळ बसलेल्या. चारला उठल्या म्हणे, रांगेत कोण थांबणार. ज्याचा हिशोब मी केलाच नव्हता ती गोष्ट म्हणजे दोऱ्या. २४ ओल्या साड्या, परकर, टॉवेल, बाहेर पाऊस, आत दोरी एक. पलंगांच्या कठड्यांवर, खिडक्यांच्या गजांवर, शेवटी त्या बदनाम पत्र्याच्या हॉलमध्ये काकांनी नायलॉनची दोरी आरपार बांधून दिली. दिवसाचे १५०० रुपये आम्ही कपडे वाळत घालायला भरले असं आई आजही सांगतात. मी काकांना हॉलचं भाडं कमी करा म्हटलं होतं, ते म्हणाले ऑफिसला विचारतो. ऑफिसचं उत्तर यायचंय.

जेवल्यावर आपलं ताट आपण घासायचं, तेही मागच्या पागोळीखाली एका लांब नळकांड्यावर, पाच नळ, त्यातला एक बंद. स्टीलची जड ताटं, कागदी प्लेट वगैरे तिथे चालतच नाही. रविवारी दुपारचं जेवण झाल्यावर निघायची घाई, टेम्पो येऊन उभा, तेव्हा कोणी कोणाचं घासलं कळलं नाही.

काकांनी भांडी मोजली, पलंग मोजले, उशांचे अभ्रे मोजले. दोन वाट्या कमी. डिपॉझिटमधून १५० कापले आणि बाकीचे ४८५० आठवड्याने खात्यावर आले. मी ग्रुपवर विचारलं, कोणाकडे चुकून वाट्या आल्यात का, सगळ्यांनी नाही म्हटलं, तीन जणींनी तर हात जोडलेले इमोजी टाकले. परवा आईंची प्रवासाची पिशवी धुवायला काढली तर तळाशी दोन वाट्या, एकीत मावशींनी बांधून दिलेलं कैरीचं लोणचं आणि वर दुसरी पालथी घालून फडक्याने गच्च बांधलेली. आई म्हणाल्या मावशींनीच दिलंय, मग परत कसं मागतील. पुढच्या वर्षीचं बुकिंग करताना नेऊन द्यायच्या असं ठरलंय. बाईंनी तारीख मार्चमधली सांगितली आहे.