तुम्हाला काही विचारायचंय?

महिन्याभरात तिसऱ्यांदा कुणीतरी विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. प्रश्न तोच : "मावशी, मुलाखत संपता संपता ते म्हणतात, 'तुम्हाला काही विचारायचंय का?' तेव्हा काय विचारायचं हो?" आधी भोसरी आणि मग चाकण, पुण्याजवळच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात 24 वर्षं मी एचआरमध्ये, म्हणजे माणसं नेमणाऱ्या खात्यात होते; मुलाखतीत टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. त्यामुळे बिल्डिंगमधली, नात्यातली मुलं मलाच धरतात.

आधी माझी फजिती. 1999 साली एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन पहिल्याच मुलाखतीला गेले. शेवटी हा प्रश्न आला आणि मी हसून "नाही सर" म्हटलं. घरची शिकवणच तशी होती. नोकरी देतायत हेच खूप, वर आणि प्रश्न कसले! पहिल्या पगाराची स्लिप हातात आली, तर तिच्यावर कंपनीचं नावच नाही. भलत्याच एका एजन्सीचं. मी कंपनीत बसत होते, कंपनीचा चहा पीत होते, पण कंपनीची नव्हते. गंमत म्हणजे 1970 चा कंत्राटी कामगार कायदा आम्हाला अभ्यासाला होता आणि त्यात मला बरे गुणही होते.

म्हणून माझा पहिला प्रश्न अजून तोच आहे : "मी कोणाच्या रोलवर असेन?" नेमणूकपत्र कोण देणार, पीएफ कोण भरणार. आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्या मुलांनी तर हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठूच नये. ट्रेनी, अप्रेंटिस, फिक्स्ड टर्म, कॉन्ट्रॅक्ट हे शब्द मुलाखतीत एका दमात येऊन जातात आणि मुलगा घरी येऊन पेढे वाटतो, "कंपनीत लागलो." त्यालाच जोडून विचारा : "ब्रेक देता का?" आमच्या पट्ट्यात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वर्षात 240 दिवस भरले की कामगाराला सहजासहजी काढता येत नाही, म्हणून सातव्या महिन्यात घरी बसवायचं आणि काही दिवसांनी पुन्हा घ्यायचं, ही जुनी चाल. अशा याद्या मी स्वतः टाइप केल्या आहेत. सांगायला बरं वाटत नाही, पण केल्या आहेत.

इंटरनेटवर मुलांना वेगळंच शिकवतात. "कंपनीचं पुढच्या पाच वर्षांचं व्हिजन काय?" असं विचारणारे उमेदवार आले की मी मागच्या भिंतीवरची फ्रेम वाचून दाखवायचे. मला तरी कुठे पाठ होतं! असा प्रश्न छाप पाडण्यासाठी विचारलाय हे समोरच्याला लगेच कळतं आणि तोही छापील उत्तर देऊन मोकळा होतो. बाजारात आपण भेंडी घेताना भेंडीवाल्याला शेतीचं धोरण विचारत नाही, टोक मोडून बघतो.

असं टोक मोडणारा प्रश्न म्हणजे : "ही जागा कशी रिकामी झाली?" हा आला की आमच्या बाजूचे दोघं एकमेकांकडे बघायचे. "आधीच्या बाई आता परचेसला गेल्या, त्या काय, पलीकडे बसल्यात," असं सरळ उत्तर आलं तर उत्तम. "आमची ग्रोथ चालू आहे ना," असं काहीतरी गोल गोल आलं, तर पुढचं विचारा : "या जागेवर दोन वर्षांत किती जण होऊन गेले?" एका जागेवर आम्ही 14 महिन्यांत चौथा माणूस घेत होतो. एकाही उमेदवाराने हे विचारलं नाही. दोष आधीच्या तिघांचा नव्हता, वरच्या साहेबांचा होता आणि ते सगळ्या कंपनीला माहीत होतं.

साहेबांवरून आठवलं. कामाचे प्रश्न एचआरला विचारून उपयोग नाही. शॉपवर, म्हणजे जिथे मशीनं चालतात तिथे, सकाळी साडेसहाला काय चालतं हे आम्हाला खरंच माहीत नसतं. "माझं काम रोज कोण बघणार? त्यांच्याशी पाच मिनिटं बोलता येईल का?" एवढं मागा. भेटले तर त्यांना विचारा, पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून नक्की काय हवंय. ज्याला हे सांगता येत नाही त्याच्या हाताखाली वर्षाअखेरीला तुमचं मूल्यमापन कसं होणार, तुम्हीच बघा.

पैशांचं मात्र एचआरलाच विचारायचं, ऑफरच्या वेळी, न लाजता : "हातात किती येणार?" वर्षाला 3 लाख 60 हजार म्हटलं की मुलं महिन्याला 30 हजार धरतात. समजा त्यात बेसिक 15 हजार आहे. कंपनी भरते तो पीएफ 1,800, ग्रॅच्युइटीच्या (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेच्या) नावाने सव्वासातशेच्या आसपास आणि 10 टक्के व्हेरिएबल (कामगिरी बघून नंतर मिळणारा, कमीजास्त होणारा भाग) म्हणजे 3,000 आधीच बाजूला. मग तुमच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200. उरतात साधारण साडेबावीस हजार. (महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर नाही, तेवढे 200 वाचले.) व्हेरिएबल गेल्या वर्षी खरोखर किती टक्के दिलं, हेही विचारा. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत साधारण पाच वर्षं भरल्याशिवाय हातात पडत नाही, तरी आकडा फुगवायला ती धरलेली असते. यात बेकायदा काही नाही. पण घरभाडं साडेबावीस हजारांतूनच द्यायचं असतं.

बॉंड, म्हणजे अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही असा करार, असेल तर कागद घरी नेऊन वाचू द्या म्हणा. "बॉंड कोर्टात टिकत नाही" असं मित्र छातीठोकपणे सांगतात, त्यांच्यावर जाऊ नका. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर 2 लाख भरायचे, ही एका सरकारी बँकेची अट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. आणि मूळ गुणपत्रिका जमा करा म्हणाले तर उठून या.

बारीकसारीक विचारलं तर राग येईल का? मला कधी आला नाही. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, हे भोसरीत विचारावंच लागतं. कितीतरी कारखान्यांची ती गुरुवारी असते आणि बायकोला रविवारी. लातूरकडच्या एका पोराने विचारलं होतं, "मॅडम, थर्ड शिफ्टला कॅन्टीन चालू असतं का?" सगळे हसले. मग प्लँट हेडनी माझ्याकडे पाहिलं, मी ॲडमिनकडे पाहिलं. कॅन्टीन रात्री 11 लाच बंद होत होतं आणि आमच्यापैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. पोराला घेतलं. कॅन्टीन सुरू व्हायला मात्र आणखी चार महिने गेले.

परवा तिसऱ्या मजल्यावरची मुलगी हिंजवडीला मुलाखतीला गेली होती. माझं ऐकून तिने विचारलं, "ही जागा कशी रिकामी झाली?" समोरचा माणूस क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मीच सोडतोय. 30 तारखेला माझा शेवटचा दिवस." मग अर्धा तास तीच त्याला विचारत बसली. नोकरी घ्यायची की नाही, हे तिचं अजून ठरलेलं नाही. रात्री जेवण झाल्यावर येते म्हणालीय.