तुम्ही विचारलंत म्हणून: एखादं गाडीखाली येत नाही का?

कळप रस्ता ओलांडत असताना थांबलेल्या गाडीची काच खाली होते आणि हमखास प्रश्न येतो, ‘एवढी मेंढरं एकदम नेता, एखादं गाडीखाली येत नाही का हो?’ तेव्हा बोलायला सवड नसते.

येतं की. माझंच एक गेलंय. कळप जवळजवळ पार झाला होता. मधे दहा पावलांची फट पडली, गाडीवाल्याला वाटलं मेंढरं संपली, त्याने गाडी काढली. नेमकं तेव्हाच पलीकडे पोचलेलं एक कोकरू माघारी सुटलं. आईशी चुकामूक झाली की कोकरू पुढे शोधत नाही, ती शेवटची जिथे दिसली तिकडे पळतं. आई पलीकडेच ओरडत होती. गाडीवाल्याला काय बोलणार? फट मी पडू दिली होती.

आता कळप आधी फाटकाआड गोळा करतो आणि कोकरं आपापल्या आईला लागेपर्यंत हलवत नाही. पलीकडचं फाटक आधीच उघडं. तिथे एक माणूस लागतोच, कारण पुढची मेंढरं आत शिरताच तोंडाशी चरायला लागतात आणि मागची रस्त्यावर तुंबतात. दोन्ही बाजूंना एकेक जण, तोही वळणाच्या पलीकडे. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर पुढे येते, ब्रेकवर पाय जाईपर्यंतच.

एवढं करूनही सगळं अडतं ते रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यापाशी. मेंढीला आजूबाजूचं भरपूर दिसतं, खोलीचा अंदाज मात्र कच्चा. पट्टा, सावली, ओल, काहीही तिला खड्डा वाटू शकतं. पुढची थबकते, हुंगते आणि टुणकन उडी मारते. मग मागची प्रत्येक तिथेच उडी मारणार. गाडीतले लोक हसतात, मीही हसतो. पण ती हुंगत असताना मागून रेटलं तर गर्रकन फिरते आणि कळप फुटतो. म्हणून पुढे रस्ता पाहिलेली म्हातारी मेंढी घालतो. दिवस कलल्यावर तर नेतच नाही: सावल्या लांबतात आणि गाडीवाल्याच्या डोळ्यांवर ऊन येतं.

तुमच्याकडून एवढंच हवं: हॉर्न नको, आणि ‘संपली’ हे मला ठरवू द्या. मी पलीकडच्या फाटकात उभा राहून दोन-दोनने मोजत असतो. आकडा जुळला की हात करतो. मधेच कुणी ‘झालं का?’ विचारलं की आकडा विसरतो, मग आत जाऊन पुन्हा पहिल्यापासून.