कातोंगमध्ये क्वे खायचे तर सकाळीच

सिंगापूरच्या पूर्वेकडच्या कातोंगला पूर्वी बसनेच जावं लागे. जून 2024 मध्ये मरीन परेड मेट्रो स्टेशन सुरू झालं, आता तिथून ईस्ट कोस्ट रोडवरची न्योन्या क्वेची दुकानं चालत गाठता येतात. फक्त दुपारनंतर जाऊ नका. हा माल ओल्या खोबऱ्याचा आणि वाफेवरचा, त्याच दिवशी संपवायचा.

मलय मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी कुटुंबांचे वंशज म्हणजे पेरानाकान. त्यांच्यातल्या बायका न्योन्या, आणि क्वे हा त्यांचा खाऊ.

दुकान पारखायचं तर आधी क्वे सालातचा काप बघावा. खाली नारळाच्या दुधातला चिकट भात, त्यावर पंडनचं हिरवं कस्टर्ड. (पंडन म्हणजे आपल्याकडे कुंडीत लावतात ते आंबेमोहोराचं पान, केवड्याच्या कुळातलं.) भातातला निळा रंग गोकर्णीच्या फुलांचा. तांदूळ निदान चार तास भिजवून वाफवतात आणि साच्यात दाबून बसवतात. दाब कमी पडला की कापताना भात सुटतो. त्याचा वरचा भाग काट्याने ओरखडतात, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. कस्टर्ड मंद आचेवर जरा दाटल्यावरच ओततात, पातळ असलं तर भातात झिरपतं. वाफ जोराची झाली की वर लाटा उठतात. झाकणाला फडकं बांधलं नसेल तर पाण्याचे थेंब पडून खड्डे पडतात. काप सपाट आणि रेघ सरळ दिसली की बिनधास्त घ्या.

ओंदे-ओंदे आपल्या हाताला ओळखीचे. 200 ग्रॅम चिकट तांदळाची पिठी, तेवढंच उकडलेलं रताळं आणि लागेल तसा पंडनचा रस. पिठाचा छोटा गोळा आधी उकळून उरलेल्या पिठात मळतात. मोदकाच्या उकडीचंच काम तो करतो, पारी चिरत नाही. आत गुला मेलाका, म्हणजे माडाच्या नीरेचा गूळ. ‘गुला’ हा शब्दही संस्कृत ‘गुड’वरून आलेला. तो बारीक चिरलेलाच हवा, मोठा खडा विरघळत नाही. गोळे वर तरंगले तरी आणखी मिनिटभर उकळत ठेवायचे. पारी पातळ राहिली की गूळ पाण्यात उतरतो आणि हाती पोकळ गोळा येतो. वरून लावायच्या खोबऱ्याला चिमूटभर मीठ लावून वाफ देतात, म्हणजे ते लवकर आंबत नाही. खाताना तोंड मिटूनच चावा, गुळाची पिचकारी थेट शर्टावर येते.

शाकाहाऱ्यांनी एवढं बघावं: सालातमध्ये अंडं असतं, ओंदे-ओंदेत आणि वाफेवरच्या नऊ थरी क्वे लापिसमध्ये सहसा नसतं. केळीच्या पानातली रेम्पा उडांगची गुंडाळी गोड वाटते, पण आत सुकी कोलंबी असते. शंका असेल तर काउंटरवर विचारा.

चिकट तांदळाचे क्वे फ्रीजमध्ये कडक होतात. सालात पाच-सात मिनिटं वाफवलं की पुन्हा मऊ होतं, ओंदे-ओंदेचं मात्र काही खरं नाही. विमानातून न्यायचं तर लापिस लेगित घ्या. लोणी आणि भरपूर पिवळ्या बलकाचा हा केक गोव्याच्या बेबिंकासारखा एकेक थर वरून भाजत करतात, आणि तो बरेच दिवस टिकतो.