घरात किती?

२३ एप्रिल, रात्री साडेअकरा

व्याख्यान चांगलंच झालं. वक्त्यांचं नाव ऐकून माणसं दारापर्यंत उभी होती, आणि उष्णतेच्या लाटेची बातमी कशी वाचायची हे वक्त्यांनी फार नीट सांगितलं. आपल्यासारख्या सपाट मुलखात कमाल तापमान ४० किंवा वर आणि नेहमीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त, नाहीतर थेट ४५, तर लाट. हा आकडा झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीतला. पेटी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, दार उत्तरेला. थर्मामीटरवर ऊन पडत नाही, वारा मात्र खेळतो.

मग मागून मावशी उठल्या. "सर, ते पेटीतलं झालं. आमच्या घरात किती असतंय ओ? बिडी वळताना पंखा लावलं की तंबाखू उडतंय."

वक्ते बोलू लागले तोवर माइक पुढे गेला होता. आभार, चहा.

मला सांगता आलं असतं. आयुष्यभर मोजमापंच शिकवली, आणि ऐन वेळी खुर्चीला चिकटून राहिले. फार वाईट वाटतंय. घरी कुणाला सांगितलं तर... जाऊ दे.

घरात किती? पेटीत जे मुद्दाम टाळतात, नेमकं तेच त्यांच्या घरात असतं. डोक्यावर तापलेला पत्रा, आणि त्याची धग हवेतून नाही, सरळ अंगावर येते. वारा बंद. शेजारी भिजवलेली पानं. घाम येतो, पण वाळत नाही. नुसतं हवेचं तापमान सांगून मावशींना काय कळणार?

दोन थर्मामीटर लागतील. एकाच्या फुग्याला धुतलेलं मलमल, त्याचं टोक डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीत. बोअरचं पाणी नको, क्षार साचले की कापड पाणी ओढत नाही आणि आकडा चढा येतो. याला वारा घालायचा नाही, कारण मावशींनाही वारा नाही. दुसरा तांब्याच्या पोकळ गोळ्यात, फुगा बरोबर मध्यभागी. गोळा १५ सेंटिमीटरचा, बाहेरून बिनचमकीचा काळा. लहान घेतला तर धग कमी दाखवतो. टाकीच्या फ्लोटचा चालेल, भोकाला रबरी बूच. दोन्ही त्या बसतात तिथेच, बसल्या माणसाच्या छातीइतके उंच, भिंतीपासून लांब. गोळ्याला पंचवीस मिनिटं द्यायची, घाईत वाचला तर चुकतो. ओल्याचा आकडा गुणिले ०.७, गोळ्याचा गुणिले ०.३, दोन्हींची बेरीज म्हणजे अंगावर पडणाऱ्या उष्णतेच्या ताणाचा आकडा. उन्हाची सवय असलेल्या माणसाच्या हलक्या बैठ्या कामाला साधारण ३० ही मर्यादा धरतात.

तिथे उभं राहून हे एवढं बोलता आलंच नसतं, हेही खरं. आणि बोलूनही त्यांच्या घरातला आकडा हाती आला नसताच. तो तिथे जाऊनच मिळेल.

तांब्याचा फ्लोट उद्या सकाळी बघते. मग मोजायचं, दुपारी अडीचला एकदा, रात्री दहाला एकदा. मावशी शहराच्या पूर्व भागातल्या, एवढंच कळलंय. चहा देणाऱ्या पोराशी त्या तेलुगूत बोलत होत्या, त्याला घर माहीत असेल.