तुम्ही विचारलंत म्हणून: बागेत पक्षी दिसत का नाहीत?

"बागेत आम्हीही जातो, मग आम्हाला कावळे-साळुंक्यांपलीकडे काही दिसत कसं नाही?" फेब्रुवारी लागला की हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर दरवर्षी एकच: फेऱ्या मारणं थांबवा. फुललेलं एक झाड गाठा आणि सकाळी अर्धा तास तिथेच उभे राहा.

माझी पसंती काटेसावरीला. या दिवसांत तिच्या अंगावर पान नसतं, त्यामुळे पक्ष्यांना दडायला जागाच नाही. जाड पाकळ्यांच्या त्या लाल फुलांतल्या मधासाठी बुलबुल, कोतवाल, चष्मेवाले सगळे येतात. भोरड्यांचा थवा उतरला तर बघायलाच नको, नुसता कलकलाट! अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. एप्रिल सरता सरता त्या मध्य आशियाच्या वाटेला लागलेल्या असतात, थिरथिराही गेलेला असतो. हिवाळी पाहुणे अजून आहेत आणि इथल्यांची गाणी सुरू झाली आहेत, असे हे मोजकेच आठवडे. पुढे ढकलू नका.

त्याच झाडावर जांभळा शिंजीर निरखून बघा. विणीचा हंगाम नसताना नर बराचसा मादीसारखा दिसतो: वरून तपकिरी, खालून पिवळट, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळा पट्टा. आता त्याची पिसं बदलत असतात. एखादा नर निम्मा पिवळा, निम्मा काळा असतो, आणि ऊन पडलं की नव्या पिसांवर निळी-जांभळी झाक उठते. नवख्यांना तो वेगळाच पक्षी वाटतो. मला मात्र पूर्ण झळाळीतल्या नरापेक्षा हा ठिगळांचा नर जास्त आवडतो. ऋतू त्याच्या अंगावर चढताना दिसतो.

आता कानांचं. टुक्-टुक्-टुक् असा एकसुरी ठोका आला की तो तांबट. उंच झाडाच्या उघड्या शेंड्यावर चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल डाग असलेला पक्षी शोधा. ओरडताना त्याची चोच मिटलेली असते, फुगतो तो गळा. डोकं सारखं वळवत असल्यामुळे आवाज कुठून येतोय ते चटकन कळत नाही. वठलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला तो गोल भोक पाडून घर करतो. म्हणून बागेची देखभाल करणाऱ्यांशी बोलणं झालं तर एवढं जरूर सांगा: जिच्याखाली कुणाला धोका नाही, ती वाळकी फांदी राहू द्या.

दुर्बिणीवाचून अडत नाही. घ्यायचीच झाली तर ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचं असलेली.

आणि एक कळकळीची विनंती. दयाळ दिसावा म्हणून मोबाइलवर त्याचं गाणं लावू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो धावून येतो, आणि ऐन विणीच्या दिवसांत, मादी आणि घरटं सोडून, नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. थोडं थांबलात तर पहाटे तो आपणहून गाणारच आहे.