पन्नास टक्के पब्लिक आणि मधेच आलेला पाऊस

मी स्टेडियममध्ये गेट आणि स्टँड सांभाळणाऱ्या टीममध्ये आहे. मॅचच्या दिवशी माझी पाठ ग्राउंडकडे आणि तोंड पब्लिककडे असतं, त्यामुळे विकेट पडली की सिक्स बसला हे मला लोकांच्या चेहऱ्यावरूनच कळतं. कोरोनात सगळं बंद पडलं तेव्हा हे चेहरेच गेले. मॅचेस रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाल्या, टीव्हीवर रेकॉर्ड केलेला आवाज लावायला लागले, आणि ओळखीचे सगळे मला एकच विचारायचे, अगं पब्लिकला आत कधी सोडणार, की लगेच दुसरं कोणीतरी म्हणायचं सोडूच नका, लोक मरतायत आणि तुम्हाला मॅच कसली सुचते. दोघांचंही मला पटायचं. माझं स्वतःचं मत मात्र एका मॅचच्या दिवशी पक्कं झालं आणि ते आजही तसंच आहे, म्हणून तो दिवस नीट लिहून काढते.

पन्नास टक्के पब्लिकची परवानगी आली होती. तयारी मन लावून केली होती, हे आधीच सांगते, कोणी हलगर्जीपणा केला असं अजिबात नाही. एक खुर्ची सोडून पुढच्या खुर्चीवर पट्टी मारली, जिन्यांवर बाण काढले, प्रत्येक तिकिटावर नाव आणि फोन नंबर घेतला, तिकिटावर गेटवर यायची वेळ छापली. नाव आणि नंबर कशाला म्हणून बुकिंगच्या वेळी लोक चिडायचे, तेव्हा आम्ही मेलबर्नचं उदाहरण द्यायचो. 8 मार्च 2020 ला तिथे महिलांच्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल झाली, 86,174 लोक आले होते, आणि नंतर त्यातला एक प्रेक्षक पॉझिटिव्ह निघाला. तो नॉर्दर्न स्टँडमध्ये एन-42 सेक्शनला बसला होता हे माहीत होतं, म्हणून आरोग्य खात्याला त्या भागात बसलेल्या लोकांना सावध करता आलं. सीट नंबर नसता तर 86 हजारांतल्या कोणाला सांगणार?

गेट मॅचच्या तीन तास आधी उघडली. एरवी तिकीट स्कॅन केलं की माणूस आत, पाच-सहा सेकंदांचं काम. आता आधी मास्क बघा, मग कपाळावर थर्मल गन, मग सॅनिटायझर, मग स्कॅन, म्हणजे एका माणसाला पंधरा-वीस सेकंद. पब्लिक निम्मं पण वेळ तिप्पट, त्यामुळे रांग नेहमीपेक्षा मोठी. खाली सहा-सहा फुटांवर गोल काढले होते, पहिला तासभर लोक गोलात उभे राहिले, पण टॉसची वेळ झाली तशी मागून ढकलाढकली सुरू झाली आणि गोल दिसेनासे झाले.

त्या गर्दीतच ते बापलेक आले. मुलगी असेल दहा-अकरा वर्षांची, गालावर टीमचे रंग, हातात घरी रंगवलेला बोर्ड. तिचं टेंपरेचर नॉर्मल, वडिलांचं 101. आमची मर्यादा 100.4 होती. आता बराच वेळ उन्हात उभं राहिलेल्या माणसाचं कपाळ तापतं आणि गन जास्त दाखवते हे आम्हाला माहीत होतं, म्हणून त्यांना बाजूला सावलीत बसवलं, पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत बघितलं. तरी 101 च. म्हटलं दादा, ताप आहे तुम्हाला, मला तुम्हाला आत सोडता येणार नाही. तर ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "ताई, सकाळी गोळी घेतली होती, उतरला होता ओ."

म्हणजे ताप असल्याचं त्यांना माहीत होतं, गोळी घेऊन आले होते, आणि तासभर लवकर पोचले असते तर गोळीच्या जोरावर माझ्या गेटवरून आरामात आत गेले असते. मला त्यांचा राग नाही आला, खरंच नाही आला, कारण मी तिकीट उलटं करून बघितलं तर त्यावर मागे छापलेलं होतं की कुठल्याही कारणाने पैसे परत मिळणार नाहीत. कुठल्याही कारणाने! महामारी चालू आहे, आपणच सांगतोय बरं नसेल तर घरी थांबा, आणि घरी थांबणाऱ्याचे पैसे आपणच बुडवतोय. असं केल्यावर लोक गोळी घेऊन येणारच. मुलगी रडली नाही, फक्त बोर्ड उलटा धरून उभी राहिली. सोबत आलेल्या कोणालाही सोडायचं नाही असा नियम होता त्यामुळे दोघांनाही परत पाठवलं. बरं, ज्यांना लागण झालीये पण ताप नाही असे किती आत गेले असतील ते थर्मल गनला कळायचा मार्गच नव्हता.

मॅच सुरू झाली. खरं सांगते, पहिल्या चौकाराला जो आवाज आला ना तो इतक्या महिन्यांनी ऐकून माझ्या अंगावर काटा आला, माझ्या शेजारचा व्हॉलंटिअर तर चक्क डोळे पुसत होता. पब्लिक नुसतं तिकिटाच्या पैशासाठी हवं असतं असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही. जर्मनीत बुंडेसलिगा ही फुटबॉलची लीग 16 मे 2020 ला परत सुरू झाली ती रिकाम्या स्टेडियममध्ये, आणि तिथे घरच्या टीमला मिळणारा नेहमीचा फायदाच कमी झाला. पब्लिकच्या आवाजाने खेळ बदलतो. आणि नेमका हाच आवाज त्या काळात धोक्याचा, कारण माणूस ओरडतो तेव्हा नुसतं बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त थेंब आणि बारीक कण तोंडातून बाहेर पडतात. सिक्स बसला की सगळे उभे, मास्क हनुवटीवर. आम्ही ओरडून ओरडून मास्क वर घ्यायला लावायचो, पुढच्या बॉलला परत तेच. तरी उघड्यावर होतं, वारा होता, मधे एकेक खुर्ची रिकामी होती, म्हणून मी तेवढी घाबरले नव्हते.

मग पाऊस आला.

फार मोठा नाही, मोजून दहा-बारा मिनिटांची सर. पण आमच्या वरच्या स्टँडला छप्पर नाही. तिथे साधारण दोन हजार माणसं बसली होती, पट्ट्या मारलेल्या खुर्च्या सोडून, अगदी नियमाप्रमाणे. पहिले थेंब पडले आणि सगळेच्या सगळे एकदम उठले आणि जिन्याने खाली पॅसेजमध्ये घुसले. पॅसेज म्हणजे स्टँडच्या खालचा बोगदा, एका बाजूला टॉयलेट, दुसऱ्या बाजूला भिंत, खिडकी नाही, वर कमी उंचीचं छत. पाच मिनिटांत तिथे माणसाला माणूस चिकटला. ओले कपडे, ओले मास्क, ओला मास्क नाकातोंडाला चिकटतो आणि श्वास घेता येत नाही म्हणून लोकांनी मास्क काढून खिशात घातले. टॉयलेटची रांग त्याच गर्दीत मिसळली. आणि मॅच थांबलीये, करायला काही नाही, म्हणून पोरांनी टीमच्या नावाने घोषणा सुरू केल्या, त्या बंद बोगद्यात घुमतायत, सगळं पॅसेज गातंय.

माझ्या टीममधल्या एका मुलाचे वडील कोरोनातच गेले होते, काही महिन्यांपूर्वीच. तो त्या पॅसेजच्या तोंडाशी उभा होता. मास्क वर घ्या, मास्क वर घ्या, एवढंच सारखं म्हणत होता, त्याचा आवाज कोणाला ऐकू जात नव्हता आणि तरी तो थांबत नव्हता.

मी वॉकीवर कंट्रोल रूमला सांगितलं, "सर, वरचा स्टँड सगळा पॅसेजमध्ये आलाय, मागची दोन्ही गेट उघडायची परवानगी द्या, पार्किंगच्या शेडखाली पसरू दे लोकांना."

तिकडून उत्तर आलं, "गेट उघडलं की परत आत घेताना चेकिंग कसं करणार तुम्ही? बाहेरचा कोणीतरी आत घुसेल."

"घुसला तर घुसला सर, मी बघते त्याचं काय करायचं ते. इथे आत हवा नाहीये."

दोन-तीन मिनिटं हो-नाही चाललं. नियम त्यांच्याच बाजूने होता, कारण आमच्या प्लॅनमध्ये मागची गेट फक्त आग किंवा चेंगराचेंगरी झाली तरच उघडायची असं लिहिलं होतं. शेवटी हो म्हणाले. गेट उघडली, लोक भराभर शेडखाली गेले आणि पॅसेज मोकळा झाला. परत आत घेताना नुसती तिकिटं बघितली, कोणाचं टेंपरेचर घेतलं नाही, तेवढा वेळच नव्हता.

मॅच संपल्यावर तेच परत, थोड्या कमी प्रमाणात. आत यायला लोकांना तीन तास मिळतात, बाहेर पडायला सगळ्यांना एकाच वेळी घाई असते. रांगेनुसार बाहेर पडा म्हणून अनाउन्समेंट चालू होती, खालच्या स्टँडने ऐकली, वरच्या स्टँडने नाही ऐकली, भिजले होते बिचारे.

काही दिवसांनी आरोग्य खात्याकडून फोन आला. वरच्या स्टँडमधला एक जण पॉझिटिव्ह आलाय, त्याच्या आजूबाजूला कोण बसलं होतं त्यांची नावं द्या. आम्ही पुढची, मागची, दोन्ही बाजूंची नावं आणि नंबर लगेच काढून दिले, ती सगळी तयारी कामी आली. पण पॅसेजमध्ये तो कोणाच्या शेजारी उभा होता, कोणाच्या तोंडासमोर त्याने घोषणा दिल्या, हे कुठल्या यादीत असणार? सगळं नियोजन खुर्चीवर बसलेल्या माणसाचं केलं होतं आणि तो तर खुर्ची सोडून उठला होता.

तेव्हापासून कोणी मला किती टक्के पब्लिक सोडायचं असं विचारलं की मी सांगते, टक्के कशाचे काढताय? खुर्च्यांचे? मग उत्तर चुकणारच. तुमच्या स्टेडियममधली सगळ्यात अरुंद जागा कुठली ते आधी शोधा, जिना असेल, टॉयलेटसमोरची जागा असेल, बाहेरच्या स्टेशनचा पूल असेल, तिथे अंतर ठेवून किती माणसं मावतात ते मोजा, आणि पाऊस आला, लाइट गेली, मॅच अर्ध्यात थांबली तर ती सगळी कुठे उभी राहणार ते ठरवा, आणि तेवढीच तिकिटं विका. कुठे ती 50 टक्के निघतील, कुठे 15. डिसेंबर 2020 ला मेलबर्नच्या बॉक्सिंग डे टेस्टला जवळपास एक लाखाच्या ग्राउंडवर दिवसाला 30,000 चीच मर्यादा होती, आणि लगेच जानेवारीत सिडनीला केसेस वाढल्या तर 50 टक्के ठरलेले 25 वर आणले, तिकिटं विकली गेली असतानाही. असं मागे यायची तयारी पाहिजे.

सरसकट बंद ठेवा म्हणणाऱ्यांना पण माझं एक सांगणं आहे. 11 मार्च 2020 ला, ज्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, युरोपात फुटबॉलच्या दोन मॅचेस झाल्या. एक लिव्हरपूलला, 50 हजारांच्या वर लोक आणि त्यात माद्रिदहून आलेले 3,000 च्या आसपास, जेव्हा स्पेनमधल्या स्वतःच्या लीगच्या मॅचेस विनाप्रेक्षक करायचं आधीच ठरलं होतं. ते व्हायलाच नको होतं, त्यावर माझ्या मते चर्चाच नको. दुसरी पॅरिसला, रिकाम्या स्टेडियममध्ये, आणि बाहेर रस्त्यावर हजारो फॅन्स फटाके लावून नाचत होते. म्हणजे गेट बंद केलं म्हणून गर्दी झाली नाही असं होत नाही, ती तुमच्या हातातून निसटून रस्त्यावर जाते, जिथे ना सीट नंबर ना यादी. आणि गेट उघडं ठेवून सांभाळता आलं नाही तर काय होतं ते 11 जुलै 2021 ला युरो फुटबॉल स्पर्धेच्या फायनलला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये दिसलं, 60 हजारांच्या वर प्रेक्षकांना परवानगी होती, त्यात तिकीट नसलेले लोक गेट तोडून आत शिरले. तिथल्या स्टुअर्ड लोकांचे, म्हणजे आमच्यासारखं गेट सांभाळणाऱ्यांचे, व्हिडिओ मी बघितलेत, एकेक पोरगा किंवा पोरगी समोरून येणाऱ्या लोंढ्याला हाताने थोपवतेय. त्या दिवशी निगेटिव्ह टेस्ट, लसीचे कागद, टक्केवारी, सगळ्याचा काय उपयोग राहिला? म्हणून गेटवर माणसं किती आणि त्यांना गेट उघडायचा-बंद करायचा अधिकार आहे का, हा प्रश्न पण डॉक्टरांच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

आमच्याकडे त्या मॅचनंतर मीटिंग झाली. पुढच्या मॅचला 75 टक्के करूया असं वरून आलं होतं, कारण कागदावर सगळं छान पार पडलं होतं. मी पॅसेजचं माप घेऊन गेले होते, लांबी-रुंदी, टॉयलेट किती, जिन्याची रुंदी किती, सगळं लिहून. म्हटलं छप्पर नसलेला स्टँड पूर्ण बंद ठेवा, मागची गेट उघडायचा अधिकार तिथे उभ्या असलेल्या सुपरवायझरला द्या, आणि ताप असलेल्याला आणि त्याच्यासोबतच्यांना गेटवरच पैसे परत द्या. बरीच वादावादी झाली. स्टँड बंद ठेवायचं मान्य झालं, गेटचा अधिकार मिळाला. पैसे परत द्यायला मात्र तयार नव्हते, पुढच्या मॅचचं तिकीट देऊ एवढ्यावर आले, तेही मी वारंवार विचारल्यावर. पुढच्या मॅचला पब्लिक आधीपेक्षा कमी होतं, तिकीट न मिळालेले लोक आमच्यावरच चिडले, एकाने तर तोंडावर सांगितलं की तुम्हाला पब्लिक नकोच आहे. त्याला मी मागच्या गेटपाशी नेऊन तो पॅसेज दाखवला आणि विचारलं, पावसात इथे किती जणांबरोबर उभा राहशील तू?