हॉस्पिटल विकून का टाकत नाही?

"मॅडम, चांगली किंमत येतेय तर देऊन टाका की. या वयात कशाला एवढी दगदग?" बॅचचे मित्र विचारतात, आमचे सीए विचारतात, हल्ली पेशंटचे नातेवाईकसुद्धा. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात माझं 22 खाटांचं प्रसूतिगृह आहे. इथली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली; लेकी मात्र पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात. बाकीच्यांचं पोट यंत्रमागावर आणि शेतीवर. पूर्वी लोक बिल रोख भरत. कमी पडले तर "दिवाळीला देतो" म्हणत, आणि देत. माग बंद पडत गेले, पोरं पुण्याला कंपनीत लागली, तसा कंपनीचा विमा आला. विमा आला हे चांगलंच झालं, कर्ज काढून बाळंतपण करणं थांबलं. पण हॉस्पिटलचा पैसा त्या दिवसापासून उधारीवर गेला. आज केलेल्या सीझरचे पैसे कधी महिन्याने येतात, कधी तीन महिन्यांनी, तेही कापून. पगार मात्र एक तारखेलाच. आरोग्यसेवेच्या बिलावर जीएसटी नाही, त्यामुळे खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. मॉनिटर घेतला की त्यावरचा कर आमच्याच खिशातून. दोन सिस्टर पुण्याला गेल्या. तिसरी जर्मन शिकतेय. तिला थांब म्हणायला माझं तोंड होत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका बाळंतिणीचा सकाळी दहाला डिस्चार्ज ठरला. विमा नियामकाचा 2024 चा नियम आहे, अंतिम मंजुरी 3 तासांत यायला हवी. चार वाजले तरी टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीसाठी बिलं तपासणाऱ्या संस्थेचा, मेल नाही. बाळाला टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून तयार ठेवलेलं, आजी पिशवी मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसलेली, खाली जीप उभी. अंधाराच्या आत गावी पोचायचं होतं. मी कागदावर सही घेतली आणि त्यांना जाऊ दिलं. मंजुरी रात्री आली, रक्कम कमी करून. फरक मी सोसला. बिलिंगचा मुलगा नाराज झाला, त्याचं बरोबरच होतं. पण सही घेऊन त्यांना सोडायचा अधिकार माझा होता.

हॉस्पिटल विकलं की पहिल्यांदा जातो तो हा अधिकार. पुण्यातलं सह्याद्री बघा. डॉक्टरने उभी केलेली ही हॉस्पिटलं. 2022 मध्ये कॅनडातल्या ओंटारियोच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने घेतली, 2025 मध्ये मणिपाल या हॉस्पिटलांच्या साखळीने. मी कुणाला नावं ठेवत नाही. कॅन्सरचं रेडिएशन मशीन मोठ्या भांडवलाशिवाय बसत नाही, आणि आमच्या भागातले लोकही त्या मशीनपाशीच जातात. पण गुंतवलेल्या पैशाला परतावा लागतो, आणि तो मोजतात एका खाटेमागे रोज किती उत्पन्न आलं यावर.

माझं काम त्या मापात बसत नाही. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालतात. सिस्टर पोटावर हात ठेवून घड्याळाकडे बघत कळा मोजते, दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकते, मावशी पाठ चोळते. ठोके बिघडले, पिशवीचं तोंड उघडायचं थांबलं, तर सीझर करायचंच, तिथे मी मिनिट घालवत नाही. पण सगळं नीट चाललं असेल तर वाट बघायची असते. रात्रभर दोन माणसं जागतात, आणि सकाळी बिल होतं सीझरच्या निम्म्याहून कमी.

विकत घेऊ पाहणाऱ्यांकडून एक तरुण आला होता. सभ्य, अभ्यास करून आलेला. तीन वर्षांचे हिशेब चाळून त्याने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे सीझरचं प्रमाण एवढं कमी का आहे? वाढवता येईल ना?"

मी त्याला लेबर रूममध्ये नेलं. एक मुलगी कळा देत होती. तो दारातच थांबला, पाच मिनिटांनी खाली गेला.

मी कायमची थोडीच आहे? मुलगी रेडिओलॉजिस्ट आहे, ती विट्याला येणार नाही, आणि तिने यावं असा माझा हट्टही नाही. कधीतरी हे कुणाकडे तरी सोपवावं लागेल. रात्रपाळीला दोन सिस्टर ठेवीन असं लिहून देणारा कुणी भेटला, तर किमतीचं नंतर बोलू.